टाकी किती तासांत भरेल?

एक नळ टाकी सहा तासांत भरतो. दुसरा तीच टाकी तीन तासांत भरतो. दोन्ही नळ एकदम सोडले, तर टाकी किती तासांत भरेल? उत्तर आहे दोन तास. पुण्या-मुंबईकडचं लेकरू हे उत्तर लिहितं, त्याखाली दोन रेघा ओढतं आणि खेळायला पळतं. अकोल्याचं पोट्टं पेन्सिलीचं टोक चावत बसून राहतं आणि मग विचारतं, "गुर्जी, पन नळ कोनत्या दिवशी येते?"

गुरुजींनी रागवावं तरी कोणत्या तोंडानं? त्यांच्याही घरी गेल्या गुरुवारनंतर पाणी आलेलं नसतं. अकोल्याला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि ते रोज येत नाही. उन्हाळा चढला, धरणाचा तळ दिसायला लागला, की दोन पाण्यांमधलं अंतर वाढत जातं. त्यामुळे टाकी भरण्याचा वेळ तासांत सांगायचा की वारांत, ही अकोल्यात खरोखरची शंका आहे. बरं, नळ नाही तर बोअरचं पाणी घ्या, असं म्हणण्याचीही सोय नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला बराचसा भाग खारपाणपट्टा. तिथे जमिनीतून निघालेलं पाणी डाळीला शिजू देत नाही आणि साबणाला फेसू देत नाही. टाकी भरते, पण त्या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न पुस्तकात दिलेला नसतो.

याच उदाहरणाचा एक अवघड भाऊ आहे. त्यात दोन नळ टाकी भरतात आणि तिसरा ती रिकामी करतो. टाकी भरायची असताना तिसरा नळ उघडा ठेवणारा शहाणा कोण, असं इतर जिल्ह्यांतली मुलं विचारतात. अकोल्यात कोणी विचारत नाही. तिसरा नळ म्हणजे शेजाऱ्याचा टिल्लू पंप, हे तिथे पहिलीतलं पोरही सांगेल. अमरावतीकर हे ऐकून मनसोक्त हसतात, कारण त्यांना अप्पर वर्धा धरणाचं पाणी आहे. पाइपलाइन फुटली की तेही चार दिवस हसत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की, वऱ्हाडातल्या मुलांना गणित जड जात नाही. त्यांना जड जाते ती गणितातली न लिहिलेली अट. प्रत्येक शाब्दिक उदाहरणाच्या पोटात एक अट दडवलेली असते: नळ एकसारखा चालेल, गाडी एकाच वेगानं धावेल, मजूर बोलावले तितके येतील, वाटणी सारखी होईल. आमच्याकडच्या मुलाला नेमकी तीच अट आधी दिसते आणि तो ती विचारून बसतो. न विचारणाऱ्याला दोन गुण मिळतात. विचारणाऱ्याला फार तर "लय शाना झाला का बे?" एवढं मिळतं.

जाता जाता सांगायला हवं की 'बे' हा शब्द आमच्याकडे दोन कामं करतो. उरलेल्या महाराष्ट्रात 'बे एके बे' हा पाढा आहे. वऱ्हाडात तो अर्धा पाढा आणि अर्धी दमदाटी आहे. वर्गात चाळीस मुलं एका सुरात तो म्हणू लागली की बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, आत कोणाचं तरी भांडण लागलंय.

वरुड-मोर्शीकडचं पोर घ्या. "रामूकडे १२ संत्री होती, ती त्याने ४ मित्रांना सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती?" तीन, हे त्याला केव्हाच कळलेलं असतं. तो अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. संत्री आंबिया बहाराची की मृगाची? आणि भावाचे दिवस असताना रामू फुकट वाटत कायले फिरून राहिला? घरच्या बागेतली फळगळ पाहिलेल्या मुलाला बारा संत्री बाराच राहतील याची खात्री कोण देणार? पुढे ऋण संख्या येतात, आणि त्या समजावायला पुस्तक शून्याखालच्या तापमानाचं उदाहरण घेतं. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो. शून्याखाली काही असू शकतं हे तिथली मुलं गुरुजींच्या भिडेखातर मान्य करतात, बस.

पण खरा गोंधळ काळ-काम-वेगाचा. "८ मजूर एका शेतातला कापूस ६ दिवसांत वेचतात, तर १२ मजूर किती दिवसांत वेचतील?" उत्तर चार दिवस. दर्यापूरकडच्या एका पोरानं हे उत्तर बरोबर लिहिलं आणि खाली जोडलं, "पन दिवाळीनंतर बारा मजूर भेटतीन कुठी?" त्या ओळीवर लाल रेघ आली. वास्तविक तीच ओळ पाठ्यपुस्तकात छापायला हवी होती. वेचणी एकदम सगळ्या गावाची येते. आठाचे बारा करायला गेलात की शेजारचा शेतकरी वेचाईचा दर वाढवतो आणि तुमच्या आठांचे पाच करून टाकतो. व्यस्त प्रमाण म्हणतात ते हेच, फक्त पुस्तकातल्यापेक्षा जास्त व्यस्त.

शिवाय वेचाई दिवसावर नसते, किलोवर असते. म्हणून वेचणाऱ्या बाईला पहाटे शेतात जायची घाई. तेव्हा बोंडावर दव असतं, कापूस जड भरतो. शेतमालकाला वाटतं, जरा उन्हं वर येऊ द्यावीत. तोच कापूस गाडीत भरून बाजारात गेला की भूमिका उलटतात. आता मालकाला कापूस जडच हवा असतो आणि घेणाऱ्याला कोरडा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. शेकडेवारी शाळेत यायला वेळ असतो, पण बापाच्या मागे गाडीत बसून गेलेल्या पोराला ती तिथेच येते, आणि आजन्म विसरत नाही. मापांचा धडाही तिथेच होतो. शेतकरी बोलतो क्विंटलमध्ये, जिनिंगवाला मोजतो १७० किलोच्या गाठींत आणि रुईचा मोठा व्यापारी भाव सांगतो खंडीचा. ही खंडी भरते ३५६ किलोची. शंभर, एकशे सत्तर आणि तीनशे छप्पन्न या तीन संख्यांचा लसावि काढायला कोणी सांगत नाही, ही त्या लेकरावर केलेली मोठी मेहेरबानी.

या मोजामापीला आमच्याकडे इतिहास आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंजा लाडला १८८६ साली सुरू झाला. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात आहे, पण मुलूख वऱ्हाडच. इंग्रजांना हा बाजार शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी सुचला नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. कापूस तिकडे गेला आणि तिकडून आमच्याकडे इंजिन आलं.

हे इंजिन शकुंतलेचं. काळ-काम-वेगातली गाडी म्हणजे वऱ्हाडी माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरी कोणती उभी राहणार? मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला, अशी ही अरुंद रुळांची गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. 'धावलं' हा शब्द मी आदरापोटी वापरतोय. मूर्तिजापूर ते अचलपूर हे पाऊणशे किलोमीटर जायला ती चारेक तास घ्यायची. वेग काढा: ताशी एकोणीसच्या आत. मधल्या ओसाड स्टेशनांवर माणूस नसल्यामुळे गार्डच खाली उतरून तिकिटं विकायचा, आणि तो परत चढेपर्यंत गाडीचा वेग शून्य. हे शून्य सरासरीत कसं धरायचं, हे पुस्तकात नसतं.

पुस्तकात असतं ते असं: "दोन गाड्या समोरासमोरून ताशी ६० आणि ४० किमी वेगाने येत आहेत, त्या कधी भेटतील?" शकुंतलेला मार्ग एकेरी. भेट झालीच तर ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येणार, हे अंजनगावच्या मुलाला न सांगता कळतं. आता काही वर्षं ती गाडी बंदच आहे. वेग ताशी शून्य, आणि तोही एकसमान. पुस्तकाला हवी असलेली अट शकुंतलेनं अखेर पाळली.

अटींइतकीच मुलांना संख्यांची नावंही अडवतात. त्या नावांवरून महाराष्ट्रानं २०१९ च्या जूनमध्ये जो शिमगा केला तो आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन', 'सत्याण्णव'च्या जोडीला 'नव्वद सात' असं वाचन आलं. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल 'सदुसष्ट' ऐकतं तेव्हा त्याच्या कानावर सात आधी पडतात आणि लिहायचे असतात सहा आधी. वर 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याऐंशी' अशी जोडाक्षरं, ज्यांच्यात मोठी माणसंही अडखळतात. जुनं वाचन काढलेलं नाही, दोन्ही दिली आहेत, हेही त्यांनी सांगितलं. पण ऐकतंय कोण? मराठी भाषेचं कसं होणार, या चिंतेनं लोक रात्री जागले, आणि विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातला 'वीस'सुद्धा सुटला नाही. गंमत अशी की यातल्या पुष्कळांची मुलं इंग्रजी शाळेत 'सिक्स्टी थ्री' म्हणत होती. म्हणजे साठ तीन.

मला विचाराल तर नारळीकरबाईंचा मुद्दा बिनतोड होता. एकोणसाठ हा प्रकार बघा ना. दुसरीच्या मुलाला वजाबाकी नीट यायच्या आधीच आपण त्याला सांगतो की ही संख्या म्हणजे साठात एक कमी, आता तूच काय ते ठरव. जर्मन मुलांनाही एकवीसमधला एक आधी ऐकावा लागतो, आणि फ्रेंच मुलांना ऐंशीच्या जागी 'चार वीस' म्हणावं लागतं. तेव्हा आपण एकटेच उफराटे नाही, एवढंच समाधान.

पण फ्रेंचांवर हसण्यापूर्वी आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांकडे पाहावं. शाळेची पायरी न चढलेली आजी अजूनही इशांत मोजते. वीसचा एक इसा. त्रेसष्ट म्हणजे तीन इसा न तीन. यात जोडाक्षर नाही, आकड्यांची उलटापालट नाही आणि एकोणाची भानगड नाही. वय विचारलं तर "चार इसा झाले असतीन बाप्पा, दोन कमी की दोन जास्त" असं सांगून ती मोकळी होते. तेव्हा नवं वाचन की जुनं, या वादात दोन्ही बाजू तावातावानं भांडत असताना तिसरी बाजू ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. तिला कोणी समितीवर घेतलं नाही.

तिच्या पिढीचं गणित तरी काय साधं होतं? तेव्हा मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची आणि वर औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. छळ म्हणून नव्हे, गरज म्हणून. रुपयाचे सोळा आणे, शेराचे सोळा छटाक. सव्वा शेर डाळीचे पैसे कागद न घेता सांगता यायला हवेत. मग १ एप्रिल १९५७ ला सरकारनं रुपयाचे शंभर नवे पैसे केले. तारीख एक एप्रिल निवडल्यामुळे पुष्कळांनी ते मनावर घेतलं नाही. आण्याचे झाले सव्वासहा नवे पैसे. म्हणजे अपूर्णांक हद्दपार करायला आलेल्या दशमान पद्धतीनं आल्या आल्या सव्वाला पाटावर बसवलं! पुढे पावकी-निमकी शाळेतून गेल्या. जिभेवरून मात्र गेल्या नाहीत. ज्या पोराला एक पूर्णांक एक चतुर्थांश म्हटलं की घाम फुटतो, ते देवापुढे सव्वा रुपया बरोबर ठेवतं आणि दीडशहाण्याला लांबूनच ओळखतं.

आता वजाबाकी. ४२ मधून १७ घालवायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा. उत्तर २५ येतं, गुरुजी बरोबरची खूण करतात आणि पान उलटतं. तो उसना दशक परत कधी केला? कधीच नाही. साखरेच्या वाटीवरून दोन घरांत अबोला धरणाऱ्या गल्लीतलं मूल हे बघून हबकतं. शाळेत खुशाल उसनवारी करायची, परतफेडीचं नाव नाही, आणि वर शाबासकी!

घरी त्यानं उलटंच ऐकलेलं असतं. आमच्याकडे एकदा घेतलं की फेडूनही फिटत नाही. संत गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेलं. मामा कष्टाळू, पण अक्षरशत्रू. सावकाराला पैसे देत राहिला, पावती कधी घेतली नाही, आणि एक दिवस सावकाराच्या वहीतल्या आकड्यानं जमीन ओढून नेली, असं बाबांच्या चरित्रांत येतं. त्या वहीतली बेरीज तपासणारं घरात कोणी नव्हतं. पुढे बाबा कीर्तनात समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत आणि तिच्याकडूनच उत्तरं काढून घेत. पोरांना शिकवा म्हणून कळवळून सांगत. स्वतः शाळेत न गेलेला हा माणूस आमच्या भागातला पहिल्या नंबरचा गणिताचा मास्तर होता, असं माझं मत आहे. व्याजाचं उदाहरण चुकलं तर काय होतं, ते त्यानं घरातच पाहिलं होतं.

इथे हसू येत नाही, म्हणून पुढच्या धड्याकडे वळतो. तो आहे 'आसन्न किंमत', म्हणजे जवळच्या दशकात संख्या सांगणे. पाच किंवा वर असेल तर वर जा, कमी असेल तर खाली या. नीरस धडा. पण आमच्याकडे या धड्यावर जिल्हेच्या जिल्हे श्वास रोखून बसतात. पावसाळा संपता संपता महसूल खातं पिकांची पैसेवारी काढतं. पीक रुपयात किती पैसे आलं, त्याचा हा हिशेब. ५० पैशांच्या खाली आली तर दुष्काळी सवलती, वर गेली तर पीक उत्तम. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. अमरावती विभागात ती ४८ निघाली की ५१, यावर गावचं वर्ष ठरतं. ज्याच्या शेतात गुडघ्याएवढं तण आणि बोटभर सोयाबीन आहे, त्याला कागदावरून कळतं की आपल्याकडे ५३ पैसे पिकलं. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली. आठ आण्याचं नाणं कायद्यानं चालतं, पण पानठेलेवाला घेत नाही. पैशाला पैसा म्हणून अजून मान आहे तो फक्त वऱ्हाडच्या पिकात.

इतकी सगळी उदाहरणं अटींवर अडलेली. मग एकही न अडणारं उदाहरण नाही का? आहे. ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी दिलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. त्यांच्या या शोधाला वजाबाकीपलीकडे काहीही लागत नाही. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहायचे, मग लहानाकडून मोठ्याकडे लिहायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चारही अंक एकच नसले की कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. जगभरातल्या गणितज्ञांना याचं आश्चर्य वाटलं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ते का वाटावं? भाव काहीही निघो, पेरणीला अमुक वजा, फवारणीला तमुक वजा, वेचाई, हमाली, तोलाई वजा करत गेलं की दरसाल त्याच ठरलेल्या आकड्यावर येऊन थांबायचं, हे त्याला कापरेकरांच्या आधीपासून पाठ आहे. फक्त त्याचा आकडा ६१७४ पेक्षा बराच लहान असतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ होता. ७५२१ वजा १२५७, आले ६२६४. ६६४२ वजा २४६६, आले ४१७६. ७६४१ वजा १४६७, आले ६१७४. तीन वजाबाक्यांत कारभार आटोपला. त्याच वर्षी मध्यम धाग्याचा भाव ७१२१ होता. त्याला तिथवर पोचायला सातच्या सात वजाबाक्या लागतात. धागा आखूड, पण फरफट लांब. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा संख्या पाच आकडी झाली आणि कापरेकरांचा नियम लागू पडेना. असं वर्ष एखादंच येतं.

तेव्हा यंदाच्या तुमच्या मालाचा भाव घ्या, कापूस असो, तूर असो की सोयाबीन. आकडा चार अंकी हवा आणि चारही अंक एकच नकोत, एवढं पाहा. मधे तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावा. पोराला शेजारी बसवा आणि वजाबाक्या त्याला करू द्या. सात वेळांत ६१७४ आला नाही, तर उसना घेतलेला दशक कुठे राहिला ते शोधा. तिथेच चुकलेलं असेल.